रक्ताचे नाते मोजायचे कसे?

हल्ली दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर आणखी एक घडी घातलेला कागद असतो. तो असतो वंशावळीचा. जातीच्या दाखल्यासाठी मंडळी पणजोबा, खापरपणजोबांची नावे शोधत तहसील कचेरीत हेलपाटे घालतात, मोडी वाचणारे गाठतात, काहीजण तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीपर्यंत जाऊन येतात. मागच्या आठवड्यात अशाच एका गृहस्थांनी रक्तदाब तपासून घेता घेता मला आपली वंशावळ मोठ्या अभिमानाने दाखवली. मी ती पाहिली आणि विचारले, "यात तुमच्या आत्या कुठे आहेत? आईचे माहेर कुठे आहे?"

ते हसून म्हणाले, "डॉक्टर, वंशावळीत बायका कशा येतील?"

त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या कामाला वडिलांकडची साखळीच लागते. पण वाचकहो, डॉक्टरला लागणारी वंशावळ वेगळी असते. तीत आत्या हव्यात, मावश्या हव्यात, आजोळ हवे आणि लहानपणी गेलेली मुलेही हवीत. ही वंशावळ कशी काढायची आणि तीतले कोणते नाते किती जवळचे मानायचे, हे आज पाहू. त्याआधी मी स्वतः केलेली एक चूक सांगतो.

माझी चूक

ही सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दवाखाना सुरू करून मला चार वर्षे झाली होती. जवळच्या खेड्यातील एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला तापासाठी घेऊन आला. इंजेक्शनाशिवाय ताप उतरत नाही असे त्या काळी रुग्णांना वाटे आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनाही तीच सवय होती. मुलाच्या मांडीवर आणि पाठीवर दोन-तीन निळे डाग दिसले, म्हणून मी वडिलांना विचारले, "तुमच्या घराण्यात कुणाला रक्त लवकर न थांबण्याचा आजार आहे का?"

"न्हाई साहेब. आमच्या घराण्यात तसलं काई न्हाई," ते ठामपणे म्हणाले. मी कमरेत इंजेक्शन दिले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो कडेवरच. इंजेक्शनची जागा नारळाएवढी सुजली होती, पाय हलवता येत नव्हता. या वेळी त्याच्याबरोबर त्याच्या आईची आई आली होती. मी सूज पाहत असताना ती कोपऱ्यातून हळूच म्हणाली, "डाक्टर, माझा धाकला भाऊ असाच गेला. दात पडला आन् रगात थांबलंच न्हाई. सा वर्साचा व्हता."

मी मुलाला तातडीने शहरात पाठवले. तपासणीत हिमोफिलिया निघाला. या आजारात रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच कमी असतो. मूल वाचले, पण पंधरा दिवस रुग्णालयात राहिले.

त्याचे वडील खोटे बोलले नव्हते. मी 'घराण्यात' असे विचारले होते आणि आपल्याकडे घराणे म्हणजे वडिलांकडचे. उत्तर बरोबर होते, प्रश्न चुकला होता. तेव्हापासून मी 'घराण्यात कुणाला आहे का' असे विचारणे बंद केले. एकेक नाते घेऊन विचारतो. वेळ जातो, पण उत्तर मिळते.

पायऱ्या आणि आणे

वैद्यकशास्त्र रक्ताची नाती पायऱ्यांनी मोजते. हिशोब अगदी सोपा आहे. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात एक पायरी. सख्ख्या भावंडांतही एक पायरी. प्रत्येक पायरीला आनुवंशिक वाटा निम्मा होतो. जुन्या मंडळींना समजेल असे आण्यांत सांगतो.

पहिली पायरी, रुपयात आठ आणे : आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण, मुलगा, मुलगी.

दुसरी पायरी, चार आणे : दोन्हीकडचे आजी-आजोबा, नातवंडे, काका, आत्या, मामा, मावशी, पुतणे-पुतण्या, भाचे-भाच्या.

तिसरी पायरी, दोन आणे : चुलत, आते, मामे आणि मावस भावंडे, पणजी-पणजोबा, पणतवंडे, तसेच आजी-आजोबांची भावंडे.

कुठे अडले तर बोटांवर मोजावे. मामेभाऊ घ्या. मी ते माझी आई, एक. आई ते तिचा भाऊ, दोन. मामा ते त्याचा मुलगा, तीन. म्हणजे मामेभाऊ तिसऱ्या पायरीवर. मामेभावाच्या मुलापर्यंत गेलो की चौथी पायरी, एक आणा. आई-वडील आणि मूल यांच्यातला आठ आण्यांचा वाटा पक्का असतो. भावंडांत आणि त्यापुढे तो सरासरीने धरायचा. एकसारखी दिसणारी जुळी मात्र एकाच गर्भाची दोन झालेली असतात, त्यांचा वाटा पूर्ण सोळा आणे.

या मोजणीचा उपयोग काय? वडील किंवा सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा सख्ख्या बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर डॉक्टर तुमच्याकडे अधिक काळजीने पाहतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची तपासणी लवकर सुरू करतो आणि तंबाखू-विडी सोडा म्हणून जास्त कटकट करतो. पहिल्या पायरीवरील कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी साधारण चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात रोग कळला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सुरू करावी असे सांगितले जाते. म्हणून 'वडिलांना आजार होता' एवढे पुरत नाही. कोणत्या वयात झाला हेही माहीत हवे. ऐंशीव्या वर्षी आलेला झटका आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलेला झटका यांचा अर्थ मुलांसाठी सारखा नसतो.

आणखी एक गैरसमज. स्तनाचा कर्करोग म्हटले की बायका फक्त आई आणि मावशीचे सांगतात. पण त्यातील आनुवंशिक प्रकार वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतो. वडिलांना काहीच झालेले नसते, पण त्यांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, तरुणपणी त्या रोगाने गेलेली असते. म्हणून आत्यांची चौकशी मावश्यांइतकीच महत्त्वाची.

फसवणारी नाती

आपल्या भाषेत नात्यांना जितके शब्द आहेत तितके इंग्रजीत नाहीत. तिकडे काका, मामा, मावसा सगळ्यांना एकच शब्द. या बाबतीत मराठी माणूस डॉक्टरचे काम सोपे करतो. तरी काही ठिकाणी आपलेही शब्द फसवतात.

काकू, मामी, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान ही माणसे कितीही मायेची असली तरी त्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नसते. काकूला मधुमेह आहे म्हणून पुतण्याने घाबरू नये. तिच्या मुलांनी मात्र लक्ष द्यावे. शेजारचे काका आणि आईची मैत्रीण असलेली मावशी यांचे तर सांगायलाच नको. दत्तक गेलेला मुलगा कायद्याने नव्या घरचा झाला तरी आजाराच्या हिशोबात त्याची वंशावळ जन्मदात्या घरचीच राहते.

'सावत्र' हा शब्द सर्वांत फसवा. वडील एक आणि आया दोन अशा भावंडांत चार आणे वाटा असतो, म्हणजे ती दुसऱ्या पायरीची. पण सावत्र आईला तिच्या आधीच्या लग्नापासून झालेला मुलगा घरात आला असेल, तर तोही सावत्र भाऊच म्हणवतो आणि रक्ताचा वाटा शून्य.

याच्या उलट काही नाती बोलण्यात दिसतात त्यापेक्षा जवळची असतात. आपल्या खेड्यांत दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या असतात. त्यांची मुले एकमेकांची चुलत भावंडेही असतात आणि मावस भावंडेही. दोन आणे इकडून, दोन आणे तिकडून. चार आणे झाले. म्हणजे ही मुले काका-पुतण्याइतकी जवळची. साट्यालोट्याच्या लग्नांतही हेच होते. ज्या घरी बहीण दिली त्याच घरची मुलगी केली की पुढची भावंडे एकाच वेळी आते आणि मामे होतात.

मात्र क्षय, खरूज, कावीळ अशा संसर्गाच्या आजारांत पायऱ्या मोजत बसू नये. तिथे एका छपराखाली कोण राहते हे पाहायचे. सासऱ्यांना क्षय झाला तर शहरातल्या मुलाआधी घरातली सून तपासावी.

किती जवळ आणि कोणत्या वाटेने

आता पुन्हा त्या मुलाकडे येऊ. निदान झाल्यावर वडिलांनी मला पहिला प्रश्न विचारला, "माझ्या भावाच्या पोरांना बी व्हईल का?" मी म्हटले, "नाही. पण हिच्या बहिणीला मुले आहेत का?"

चुलत भाऊ आणि मावसभाऊ दोघेही तिसऱ्या पायरीचे, दोघांचा वाटा दोन आणे. तरी एकाला धोका नाही आणि दुसऱ्याला आहे. कारण पायरी नाते किती जवळचे ते सांगते, आजार कोणत्या वाटेने येतो ते सांगत नाही. हिमोफिलियाचा दोष 'एक्स' गुणसूत्रावर असतो. बाईला अशी दोन गुणसूत्रे असतात. एक सदोष असले तरी दुसरे बहुतेक काम सांभाळते, त्यामुळे तिला सहसा त्रास होत नाही. पुरुषाला एकच 'एक्स' असते आणि ते आईकडूनच येते. म्हणून दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. आजार असलेल्या पुरुषाच्या मुलांना तो त्याच्याकडून येत नाही, पण त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोष नव्यानेच निर्माण होतो, त्यांच्या वंशावळीत मागे काहीच सापडत नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजघराण्यातले आहे. रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी १९०४ साली जन्मला, त्याला हा आजार होता. त्याचा एक मामा १८७३ साली दोन वर्षांचा असताना खिडकीतून पडून रक्तस्रावाने गेला होता. त्याच्या आईचा मामा लिओपोल्ड १८८४ साली याच आजाराने, पडल्याचे निमित्त होऊन, तिशीत गेला. लिओपोल्ड हा इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. दोष राणीकडून मुलीकडे, तिच्याकडून नातीकडे आणि नातीकडून पणतू अलेक्सीकडे आला. हा हिमोफिलियाचा 'बी' प्रकार होता, हे सापडलेल्या हाडांच्या तपासणीवरून २००९ साली सिद्ध झाले. तिथे मुलींची आणि लहानपणी गेलेल्यांची नावे लिहून ठेवलेली होती, म्हणून हा माग काढता आला.

आमच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या आजीनेही मला तोच माग दाखवला. ज्या मावशीची मी चौकशी केली, तिच्या चार वर्षांच्या मुलाचे टॉन्सिलचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरले होते. आधी रक्त तपासले. त्यालाही हिमोफिलिया निघाला. ऑपरेशन पुढे ढकलले आणि नंतर मोठ्या रुग्णालयात, रक्त गोठवणारा घटक हाताशी ठेवून केले. तपासणीशिवाय ते झाले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

मामाची मुलगी

नात्यातल्या लग्नाबद्दल मला नेहमी विचारले जाते. आपल्याकडे चुलत बहीण म्हणजे बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. पण मामाची मुलगी अनेक समाजांत हक्काची मानतात. रक्ताला हा भेद कळत नाही. चुलत बहीण असो वा मामेबहीण, वाटा दोन आण्यांचाच. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा आपल्याला धरून वडिलांकडच्या पाच आणि आईकडच्या तीन पिढ्यांपर्यंत सपिंड मानतो आणि सपिंडांत लग्नाला मनाई करतो, मात्र समाजाची रूढी असेल तर सूट देतो. म्हणजे रूढीचा हिशोब वेगळा, कायद्याचा वेगळा आणि वैद्यकाचा तिसराच.

वैद्यकाचा हिशोब असा. काही आजार दोन्ही बाजूंनी सदोष प्रत आली तरच होतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल ही त्यांची उदाहरणे. एकच सदोष प्रत असणारा वाहक धडधाकट दिसतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामेबहीण आणि आतेभाऊ यांचे आजी-आजोबा एकच असल्याने तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. सर्वसाधारणपणे शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात मोठा दोष असतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात सुमारे दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुतेक बाळे निरोगीच असतात. पण पिढ्यान् पिढ्या त्याच दोन घरांत देणे-घेणे चालू असेल, किंवा घरात असे एखादे मूल आधी झालेले असेल, तर धोका बराच वाढतो. अशा वेळी लग्नाआधी, निदान दिवस राहण्याआधी, दोघांचे रक्त तपासून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आढळतो. तिकडच्या मंडळींनी नात्यात लग्न असो वा नसो, ही तपासणी करावीच.

वंशावळ अशी काढा

एक मोठा कागद घ्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. नवरा-बायको आडव्या रेघेने जोडा. दोघे आधीपासून नात्यात असतील तर ती रेघ दुहेरी काढा. मुले खाली उतरत्या रेघेने, थोरले डावीकडे. ज्याला आजार आहे त्याचा चौकोन किंवा गोल भरून काळा करा. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारा. ज्याच्यासाठी वंशावळ काढतो त्याच्याकडे बाण दाखवा. आपली, आई-वडिलांची आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांची अशा तीन पिढ्या बहुतेक वेळा पुरतात.

प्रत्येकाशेजारी चार गोष्टी लिहा : आजचे वय किंवा गेला तेव्हाचे वय, आजार, तो कोणत्या वयात कळला आणि बाईचे माहेर कोणत्या गावचे. आजाराचे इंग्रजी नाव माहीत नसले तरी चालेल. 'अंगावरून वारे गेले', 'छातीत कळ आली आणि जागेवर गेले', 'पाय काळा पडून कापावा लागला' असे जसे ऐकले तसे लिहा. अर्थ डॉक्टर लावील. पडलेले गर्भ, लहानपणी गेलेली मुले आणि वेड लागले म्हणून ज्यांचे नाव घरात कुणी काढत नाही अशी माणसेही गाळू नका.

हे विचारायचे कुणाला? घरातील सर्वांत वृद्ध बाईला. सासर आणि माहेर अशी दोन्ही घरे तिला ठाऊक असतात आणि कोणते मूल कोणत्या सुगीत गेले हे तिच्या लक्षात असते. पितृपक्षात महालयाला वडिलांकडच्या तीन पिढ्यांबरोबर आजोळच्या तीन पिढ्यांचीही नावे घेतात. आत्या, मामा, मावशी यांनाही त्यात स्थान असते. त्या दिवशी नावे निघतातच, शेजारी कागद ठेवा.

दोन पथ्ये मात्र पाळा. हा कागद सोयरिकीच्या बैठकीत फिरवण्यासाठी नाही. तो घरचे आणि डॉक्टर यांच्यातच राहू द्या. आणि त्यावरून कुणाला दोष देऊ नका. त्या मुलाच्या आईला सासरी 'तुझ्या माहेरचा रोग' म्हणून दोन वर्षे ऐकून घ्यावे लागले. शेवटी मी तिच्या सासूबाईंना बोलावून म्हटले, "आजी, आपल्या प्रत्येकाच्या रक्तात काही ना काही सदोष प्रती असतात. तुमच्याही आहेत, माझ्याही आहेत. हिची कळून आली, एवढेच." त्यांना किती पटले ते देव जाणे, पण बोलणे थांबले.

तो मुलगा आज तीस वर्षांचा आहे. त्याला सुई स्नायूत नव्हे तर शिरेत द्यायची, अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, मार लागला की लगेच फॅक्टर घ्यायचा, हे त्याच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे लग्न ठरले, तेव्हा तो होणाऱ्या बायकोला घेऊन माझ्याकडे आला. दोघांनी मिळून वंशावळ काढून आणली होती. तीत वरच्या बाजूला, त्याच्या आजीशेजारी, एक लहानसा काळा चौकोन होता, त्यावर तिरकी रेघ आणि खाली 'वय ६, दात पडला'. आजी आता नाही. तिच्या धाकट्या भावाचे नाव मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचले.

या रविवारी आपल्या घरातील आजीजवळ अर्धा तास बसा. कागद आणि पेन्सिल बरोबर ठेवा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा तो कागद घेऊन या.